आंबोलीच्या सड्यावर तीन कॅमेरे: पावसाळी प्रकल्पाच्या नोंदी

१२ मे, कोल्हापूर

या वर्षी सगळं वहीत लिहायचं. गेल्या पावसाळ्यात काय भिजलं, काय बिघडलं, कशामुळे बिघडलं हे दिवाळीपर्यंत विसरलो आणि त्याच चुका पुन्हा करायला मोकळा झालो.

काम असं आहे: जून ते सप्टेंबर, जमेल तसं पंधरवड्यातून एकदा आंबोलीला जायचं. रात्री सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर) आणि ओढ्याकाठी बेडकांचे फोटो काढायचे, तारीख-वेळ-जागा टिपायची. बेडकांची वही वेगळी आहे, ही कॅमेऱ्यांची. आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यामुळे 'पाऊस थांबला की फोटो काढू' ही सोय तिथं नाही.

तीन कॅमेरे आहेत. थोरला म्हणजे आठ वर्षं वापरलेला डीएसएलआर आणि अगदी जवळून फोटो काढायची १०० मिमीची मॅक्रो लेन्स. मधला मिररलेस, अंगावर आयपी५३ चं प्रमाणपत्र. धाकटा खिशात मावणारा, १५ मीटर खोल पाण्यात चालणारा.

थोरल्याच्या माहितीपत्रकात 'वेदर सील्ड' एवढंच छापलंय. म्हणजे नेमकं काय, ते कुठंच नाही. सांध्यांत रबर, फटींत फोम घातलाय एवढाच त्याचा अर्थ. किती पाणी, किती वेळ, कुठल्या बाजूनं, याबद्दल बनवणाऱ्यानं काही कबूल केलेलं नाही. आयपी आकड्याचं तसं नसतं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा आकडा १ असेल तर वरून सरळ पडणारे थेंब, मिनिटाला १ मिलिमीटर, दहा मिनिटं. ३ असेल तर उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरका फवारा. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास.

मिनिटाला १ मिलिमीटर म्हणजे तासाला ६०. हा आकडा आंबोलीतही मुसळधारच म्हणायचा. पण प्रयोगशाळेतला पाऊस सरळ पडतो, दहा मिनिटांत थांबतो, आणि तोवर कॅमेऱ्याला कुणी हात लावत नाही. सड्यावर पाऊस आडवा येतो, चार तास येतो, आणि मी मधेच बॅटरी बदलायला झाकण उघडतो.

१८ मे

ओळखीच्या दुरुस्तीवाल्या काकांकडून कॅमेऱ्याच्या दोन मेलेल्या बॉडी आणल्या, दोन्हींचे मिळून सहाशे रुपये. एक साधी, स्वस्तातली. दुसरी थोरल्याच्याच जातकुळीची, सीलवाली, मदरबोर्ड गेलेली.

युक्ती सोपी आहे. टिश्यूपेपरच्या पट्ट्यांवर निळ्या स्केचपेननं बारीक ठिपके मारायचे. पट्ट्या बॉडीच्या आत, जिथं जिथं बोट पोचेल तिथं बसवायच्या: बॅटरीच्या कप्प्यात, कार्डाच्या खणात, लेन्स बसते त्या तोंडाशी, वरचं झाकण काढून हॉट शूच्या, म्हणजे फ्लॅश बसवायच्या खाचेच्या खाली. मग भिजवायचं. पाण्याचा एक थेंब जरी आत आला तरी ठिपका फुटून पसरतो, आणि पाणी कुठून आलं ते कळतं.

आधी आयपीएक्स१ ची, म्हणजे पाण्याच्या १ आकड्याची, घरगुती आवृत्ती. आइस्क्रीमच्या डब्याच्या तळाला सुईनं भोकं पाडली, डबा मोरीत नळाला टांगला, खाली स्टीलची वाटी ठेवून दहा मिनिटांत किती मिलिमीटर भरतं ते पट्टीनं मोजलं. पहिल्यांदा २४ भरलं. निम्मी भोकं मेणानं बुजवली, मग ११ वर आलं. आई दारात उभी राहून बघत होती. "कॅमेऱ्याला अभ्यंगस्नान का रे?" म्हणाली आणि निघून गेली.

सरळ पडणाऱ्या थेंबांत सीलवाली बॉडी पूर्ण कोरडी राहिली. साध्या बॉडीतही फक्त वर उघडणाऱ्या फ्लॅशच्या फटीखालचे ठिपके पसरले. स्वस्त कॅमेरा इतका तग धरेल असं वाटलं नव्हतं.

मग झारी घेतली आणि तिरकं पाणी मारलं, पाच मिनिटं. आता साधीच्या बॅटरीच्या झाकणाची बिजागरी गळली, लेन्सच्या तोंडापाशी तर चांगलंच ओलं झालं. सीलवाल्या बॉडीवर कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी किट लेन्स लावली तेव्हा तीही तोंडाशीच गळली. मॅक्रोच्या मागच्या कडेला रबराची बारीक कड आहे, ती लावल्यावर गळती बंद. म्हणजे सीलवाल्या बॉडीवर बिनसीलची लेन्स लावणं म्हणजे छत्री घेऊन अनवाणी चालण्यातला प्रकार.

१९ मे

कालच्या प्रयोगात दोन गोष्टी राहिल्या होत्या.

झूम लेन्स. किट लेन्स पाण्याखाली धरून पन्नास वेळा आतबाहेर केली. नळी बाहेर येताना हवा आत ओढते, आत जाताना बाहेर सोडते. सायकलचा पंपच. बाहेर आलेल्या नळीवरचं पाणी पुढच्या खेपेला आत. सुटी करून बघितली तर मागच्या काचेवर धुकं आणि आत दोन थेंब. पावसात झूम बंद, हे आजपासून पक्कं. मॅक्रोची नळी लांबत नाही, फोकस आतल्या आत होतो, म्हणून ती बरी.

दुसरं, हॉट शू. रिकामा होता तेव्हा पट्टी कोरडी निघाली. त्यात जुना बंद पडलेला फ्लॅश सरकवला आणि तेच पाणी मारलं, तर खालचे सगळे ठिपके एकमेकांत मिसळले. फ्लॅशचा पाय आणि शू यांच्यात कागद जाईल एवढीच फट असते, आणि नेमकी तेवढी फट पाणी ओढून धरते. वरून झाकलं तरी ते फ्लॅशच्या अंगावरून ओघळत तिथंच येऊन थांबतं.

(नंतर जोडलेली ओळ: हे लिहून ठेवलं, आणि तरीही जुलैत व्हायचं तेच झालं.)

२६ मे

सामान: हॉटेलातल्या शॉवर कॅप सहा, मोठे रबर बँड, झिप लॉकच्या पिशव्या, जुन्या सुती धोतराचे फडके (मायक्रोफायबर भिजला की नुसता पाणी पसरवतो, धोतर पितं), संत्र्या रंगाचं सिलिका जेल अर्धा किलो, घट्ट झाकणाचा मोठा डबा, आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. लेन्सला हूड. बाजारातला तयार रेनकोट बघितला, पण त्याच्या बाहीत हात घातला की मॅक्रोची रिंगच सापडत नाही. परत केला.

८ जून, आंबोली

आजऱ्याच्या पुढं आलो आणि पावसानं गाठलं. रात्री नऊला सड्यावर.

इथले दादा, ज्यांच्या घरी उतरतो, ते सोबत होते. मी कॅमेऱ्यावर टोपी घालण्यात, रबर बँड लावण्यात पाच-सात मिनिटं घातली. "पावसाक भियालंस तर हय कित्याक इलंस?" म्हणाले. रास्त प्रश्न.

जांभ्याच्या कातळावर पहिल्या पावसाची डबकी साचली होती, वीतभर रुंद, दोन बोटं खोल. त्यांत आंबोली भेक, जोडीजोडीनं. शास्त्रीय नाव झॅन्थोफ्रिन टायगेरिना, कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे म्हणून. २००९ साली शास्त्राच्या दप्तरी नोंद झालेला हा जीव आंबोलीच्या परिसराबाहेर जवळजवळ माहीतच नाही. पाऊल टाकताना आधी टॉर्च, मग पाय.

कोपरं कातळावर टेकून, कॅमेरा जमिनीपासून चार बोटांवर. इथं एक गोष्ट नव्यानं कळली. पाऊस वरून येतो खरा, पण जांभ्यावर आपटून खालूनही येतो. लेन्सच्या हूडमध्ये खालच्या बाजूनं लाल पाण्याचे शिंतोडे भरले होते. आयपीच्या पाण्याच्या ३ मध्ये खालून येणारं पाणी धरलेलंच नाही. ४ मध्ये सगळ्या बाजूंचे शिंतोडे येतात. मधल्याला तरी काही झालं नाही. थोरल्यालाही नाही.

एक चूक झाली. संध्याकाळी डासांचा स्प्रे हाताला मारला होता. त्यातलं डीट प्लास्टिक आणि रबर विरघळवतं. थोरल्याच्या ग्रिपवर अंगठ्याचा ठसा कायमचा उमटलाय, चिकट आणि मऊ. त्याहून वाईट म्हणजे बेडकांची कातडी पाणी शोषते, तशी औषधंही शोषते. मी भेकाला हात लावत नाही, पण लावला असता तर? पुढच्या वेळी पूर्ण बाह्यांचा शर्ट. स्प्रे घरी.

९ जून

सकाळी गाडीचा एसी लावून हिरण्यकेशीकडे गेलो. उतरलो, कॅमेरा डोळ्याला लावला, सगळं पांढरं. पुसलं, पुन्हा पांढरं. बाहेर २४ अंश आणि हवेत ९५ टक्के ओल. अशा हवेत २३ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही वस्तूवर दव जमतंच, आणि एसीच्या तोंडासमोर ठेवलेली लेन्स २० वर असणार. पावसाचा एक थेंब अंगावर न घेता कॅमेरा ओला.

बाहेरची काच पुसता येते. भीती आतल्या काचेची. पंचवीस मिनिटं पिशवीत तसाच ठेवल्यावर निवळलं. या वेळी लेन्स काढून 'वारा लागू दे' असं केलं नाही, नाहीतर तीच दमट हवा थेट सेन्सरवर गेली असती.

नियम: पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद, कॅमेरा झिप लॉकमध्ये, हवा काढून.

२२ जून

शेवाळलेल्या कातळावर पाय गेला आणि मी थोरल्यासकट आडवा झालो. हूड फुटला. लेन्सला, तोंडाला, मला काही नाही (गुडघा सोडून). सव्वादोनशे रुपयांच्या प्लास्टिकनं वाचवलं. काचेचा फिल्टर पुढं असता तर त्याचेच तुकडे काचेवर घासले असते, असं माझं मत. दादांचं मत, तंगडी सांभाळ.

तीन किलोमीटर मोटारसायकलवरून गेलो तेव्हा कॅमेरा पोटाशी बांधला होता, डिकीत नाही. इंजिनाचा थरकाप लेन्समधल्या स्क्रूंना ढिला करतो. २०२१ मध्ये ॲपलनंच लेखी सांगितलं होतं की मोठ्या मोटारसायकलच्या हँडलला आयफोन लावला तर त्याचा कॅमेरा बिघडू शकतो.

६ जुलै

आजची नोंद मोठी आहे, कारण आज थोरला गेला.

तळ्याकाठच्या झाडावर मलबार उडत्या बेडकांची घरटी. पाण्यावर झुकलेल्या पानांना पांढऱ्या फेसाचे गोळे लटकलेले, त्यात अंडी. खालून वरचा फोटो हवा होता: फेस, पान, मागं अंधार. त्यासाठी फ्लॅश लागतो, आणि फ्लॅश कॅमेऱ्यावर असला तर समोरचा प्रत्येक थेंब पांढरा गोळा होऊन दिसतो. म्हणून फ्लॅश बाजूला, दादांच्या हातात, काचेच्या बरणीत उलटा घातलेला. कॅमेऱ्यावर फक्त रेडिओ ट्रिगर, फ्लॅशला बिनतारी इशारा देणारा. ट्रिगर हॉट शूमध्ये. वर शॉवर कॅप.

दीड तास छान चाललं. एक नर फांदीवरून उतरत होता, पुढच्या पायांची नारिंगी-लाल पडदी पूर्ण ताणलेली, एका बोटाच्या टोकाला पाण्याचा थेंब. तो फोटो मिळाला. त्यानंतर वर बघायला कॅमेरा आडवा केला, मग मान उंचावून उभा. कॅप मागून सरकली असणार.

पहिली खूण: शटर न दाबता फ्लॅश उडाला. दादा दचकले. मी हसलो, कारण वाटलं त्यांचंच बोट लागलं. दुसऱ्यांदा उडाला. तिसऱ्यांदा ओळीनं चार वेळा, पटपटपट. तेव्हा डोक्यात आलं, मेमधली ती पट्टी. ट्रिगर ओढून काढला तर शूच्या पट्ट्यांमधून पाण्याची धार सरळ खाली. स्क्रीनवर चूक दाखवणारा संदेश, मग काळोख.

त्या क्षणी करायचं एकच: बॅटरी बाहेर. बंद करून नव्हे, काढून. पाण्यानं एवढं होत नाही, पाणी आणि वीज एकत्र आले की तांब्याच्या रेषा खायला सुरुवात होते. बॅटरी काढायला झाकण उघडलं ते शर्टाच्या आत धरून, तोंड खाली करून. 'चालू होतो का बघू' हा मोह चार वेळा झाला. चारही वेळा आवरला.

मधल्यावर ट्रिगर नव्हता, तो शेवटपर्यंत चालला. त्यामुळे मधला श्रेष्ठ आणि थोरला कच्चा असं मी म्हणणार नाही. हा घोळ माझा होता.

७ जुलै

दादांच्या घरी सगळ्यांनी तांदळाचा डबा पुढं केला. नको म्हटलं. तांदूळ फार पाणी ओढत नाही, वर त्याची पिठी फटींत बसते. डबा, सिलिका जेल, थोरल्याची सगळी झाकणं उघडी, लेन्स वेगळी. घड्याळ ९१ वरून रात्रीपर्यंत ४३ वर आलं. पण ती डब्यातल्या हवेची आर्द्रता. आतलं पाणी बाहेर यायला वेळ लागतो, कारण जी रबरं पाणी आत येऊ देत नाहीत ती बाहेरही जाऊ देत नाहीत. सीलवाला कॅमेरा एकदा आतून ओला झाला की साध्यापेक्षा हट्टी.

जेलचे दाणे संत्र्याचे हिरवे झाले. ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा संत्रा केले, पुन्हा डब्यात.

१३ जुलै

काकांनी थोरला उघडला. हॉट शूच्या खालच्या पट्टीवर हिरवट बुरशीसारखा थर, आठवडाभरात. गंजच तो, तांब्याचा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बारीक ब्रश. फ्लॅशच्या सर्किटचा छोटा बोर्ड बदलायला लागणार, जुन्या बॉडीतून निघाला तर स्वस्तात. निघेल की, ती सहाशेवाली माझ्याकडेच आहे!

काका म्हणाले, "उघडलं म्हणजे सील गेलं समज. मी परत बसवतो, पण फोम एकदा दबला की दबला." म्हणजे यापुढं माहितीपत्रकातला 'वेदर सील्ड' शब्द या कॅमेऱ्याला लागू नाही. वॉरंटी तर कधीच संपलीय, आणि असती तरी पाण्याचं नुकसान बहुतेक वॉरंट्या धरत नाहीत, कॅमेरा सीलवाला म्हणून विकलेला असो वा नसो.

२५ जुलै

पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीवर. आंबोली रद्द. घरात बसून आर्द्रतेचं घड्याळ कपाटात ठेवलं. ८४.

१० ऑगस्ट

धाकट्याचा दिवस. ओढ्यात हात बुडवून बेडूकमाशांचे फोटो, पाण्याखालून. खडकावर आपटला, चिखलात पडला, नळाखाली धुतला, खिशात घातला. फोटो थोरल्याच्या तोडीचे नाहीत, पण या कॅमेऱ्यासोबत माणूस निवांत असतो.

दुपारी बॅटरीच्या झाकणात पाण्याचा मणी. काळजाचा ठोका चुकला. भिंगातून बघितलं तर नारिंगी रबरी कडीवर आडवा पडलेला एक केस. माझाच, पांढरा. सकाळी बॅटरी बदलताना पडला असणार. १५ मीटरची हमी एका केसानं घालवली. पुसलं, सुकवलं, वाचला.

सिनेमातल्या पाणबुड्यांच्या हातात दिसणारा निकोनॉस, जो निकॉननं १९६३ पासून विकला, तोही असल्या रबरी कड्यांवरच चालायचा, आणि वापरणारे दर खेपेला कडी काढून, पुसून, ग्रीस लावून बसवायचे. आपण झाकण खट्कन लावतो आणि विसरतो.

कुणी धबधब्याखाली धरायला सांगेल तर मात्र नाही. खोल पाण्यात बुडणं आणि वरून कोसळणारी धार या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. बुडण्याच्या परीक्षेत ८ मिळवलेला कॅमेरा धारेच्या ५ आणि ६ मध्ये पास असेलच असं नाही.

२४ ऑगस्ट

सगळ्यात वाईट बातमी घरातच होती. जुनी ५० मिमीची लेन्स, वडिलांची, या पावसाळ्यात एकदाही बाहेर न नेलेली. भिजू नये म्हणून चामड्याच्या केसमध्ये, कपाटात, कपड्यांच्या मागं. टॉर्च लावून आरपार बघितलं तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक पांढऱ्या शाखा. बुरशी. ७० टक्क्यांच्या वर ओल, अंधार, वारा नाही आणि खायला चामडं: तिला आणखी काय हवं? वरच्या काचेवर असती तर पुसली असती. ही मधल्या दोन काचांच्या आत आहे आणि तिनं काचेवरचा थर खाल्लाय.

आंबोलीच्या पावसात अडीच महिने लोळलेल्या मॅक्रोत बुरशीचा ठिपका नाही, कारण ती रोज डब्यात जाते, ४५ टक्क्यांत. तिला मी भिजलेली समजत होतो आणि हिला कोरडी.

आज उरलेल्या सगळ्या लेन्स डब्यात. चामड्याची केस बाहेर.

१४ सप्टेंबर, आंबोली

थोरला परत आला, साडेतीन हजारांत. शू नवा नाही, पण चालतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा चार बोटांचा तुकडा कापून बाहीसारखा ट्रिगरच्या पायावर चढवलाय. ट्रिगर शूमध्ये सरकवला की बाही खाली ओढायची, ती शूच्या चारी कडांवर घट्ट बसते. मेलेल्या बॉडीवर मोरीत तपासून झालंय. खऱ्या पावसात बघायचं म्हणून ट्यूबच्या आत ठिपक्यांची पट्टी गुंडाळली.

तीन तास परतीचा पाऊस, विजा लांब घाटाखाली. ओढ्याकाठी मलबार चापडा साप फांदीवर वेटोळं घालून, मी सहा फुटांवर. फ्लॅश मी दाबला तेव्हाच उडाला, प्रत्येक वेळी.

घरी येऊन ट्यूब सोडवली, पट्टी उलगडून दिव्याखाली धरली. ठिपके गोल. मागच्या कोपऱ्यातले दोन मात्र पसरलेत. तिथं ट्यूब दोनेक मिलिमीटर आखूड कापली गेलीय, ती उद्या बदलायची.